जोहार आणि शिकामो

२०१९ सालच्या जानेवारीत मी टांझानियात गेलो. बागामोयो या समुद्रकाठच्या जुन्या गावापासून काही अंतरावर एक माध्यमिक शाळा आहे. तिथे इंग्रजी आणि इतिहास शिकवायचा, असे ठरले होते. पगार नव्हता. राहायला एक खोली, दोन वेळचे जेवण आणि किरकोळ खर्चाला थोडे शिलिंग, एवढ्यावर नऊ महिने काढायचे होते. इकडे मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवीत होतो आणि मागच्या वर्षीचे मानधन अजून मिळायचे होते. तेव्हा फुकट शिकविण्याचा सराव मला होताच. स्वाहिली भाषेत अशा कामाला ‘कुजितोलेआ’ म्हणतात. म्हणजे स्वतःला देऊ करणे. आपल्याकडे ‘स्वयंसेवक’ या शब्दाला जो वास चिकटला आहे, तो या शब्दाला नाही.

पहिल्या दिवशी सकाळी फाटकातून आत शिरलो. समोरून येणारी मुले एकेक करून थबकत, ‘शिकामो, म्वालिमू’ म्हणत आणि उभी राहात. म्वालिमू म्हणजे शिक्षक, हे ठाऊक होते. शिकामोला काय उत्तर द्यायचे ते ठाऊक नव्हते. बरोबरच्या शिक्षकाने हळूच सांगितले, ‘मराहाबा म्हणा, त्याशिवाय ती हलणार नाहीत.’ मी मराहाबा म्हटले, मुले मोकळी झाली. मग त्या शिक्षकाने अंगण झाडणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे पाहून मला खुणावले. ‘आता तुम्ही त्यांना शिकामो म्हणा. ते तुमच्यापेक्षा मोठे आहेत.’ त्याने स्वतः म्हटलेच. म्हाताऱ्याने खराटा न थांबवता ‘मराहाबा’ असे उत्तर दिले. मी शब्दाचा अर्थ विचारला. शिका म्हणजे धरणे, आणि मागचा तुकडा ‘मिगू’ या शब्दाचा. मिगू म्हणजे पाय. आपले पाय धरतो. ‘जुन्या काळी गुलाम मालकाला असं म्हणत,’ तो सहज बोलून गेला आणि वर्गात निघून गेला.

मी म्हाताऱ्याला शिकामो म्हटले नाही. ‘हबारी’ म्हटले. बरोबरीची माणसे एकमेकांची खबर घेताना तो शब्द वापरतात. म्हाताऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा झाडू लागला. पुढचे तीन आठवडे मी हबारीवरच भागविले. पाहुणा आहे, भाषा येत नाही, असे समजून लोकांनी सोडून दिले असेल. पण कारण भाषेचे नव्हते.

माझे आजोबा बीड जिल्ह्यातल्या एका गावचे महार. निजामाच्या अमलात त्यांचे तरुणपण गेले. ते सांगत, ‘पाटलाचं पोरगं आईच्या कडंवर असलं तरी जोहार घालावा लागायचा. त्याला बोलता येत नसायचं, पण आपल्याला वाकावं लागायचं.’ आजोबांनी धम्मदीक्षेनंतर जोहार सोडला. सोडला म्हणजे नुसता शब्द सोडला नाही. त्यासाठी त्यांना एका सुगीत कोणी कामावर बोलावले नाही आणि खळ्यावरचे बलुतेही गेले. आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा मानला जातो. तेव्हा पाय धरण्याचा दुसरा एक शब्द, तोही गुलामाच्या तोंडचा, दुसऱ्या खंडात जाऊन उचलायचा, हे मला शक्यच नव्हते.

अभिवादन ही किरकोळ गोष्ट आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपलाच इतिहास पाहावा. कोणी कोणाला काय म्हणायचे, हा आपल्याकडे राज्यकारभाराचा विषय होता. मुंबईतल्या सोनारांनी आपसांत ‘नमस्कार’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा पेशवाईतून तक्रार गेली आणि १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना तो शब्द वापरण्याची बंदी केली. व्यापार करायला आलेल्या गोऱ्या कंपनीला नमस्काराशी काय देणेघेणे होते? पण वर बसलेल्यांना खाली बसलेल्यांची जागा दाखविणारी खूण हवी असते, आणि शब्दाएवढी स्वस्त खूण दुसरी नाही. सोनारांची ही गत, तर महाराच्या वाट्याला काय येणार? चोखोबांनी विठ्ठलाला साद घातली तीही जोहार म्हणूनच. देवापुढेही दुसरा शब्द उपलब्ध नव्हता. म्हणून कामठीच्या बाबू हरदासांनी ‘जय भीम’ रूढ केला, तेव्हा त्यांनी आपल्याला केवळ एक घोषणा दिली नाही. दोन माणसे समोरासमोर आल्यावर पहिल्यांदा तोंडातून काय बाहेर पडावे, हे त्यांनी बदलले. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च असते.

हे सगळे मनात घेऊन मी बागामोयोच्या किनाऱ्यावर हिंडत असे. ओहोटीला होड्या चिखलात कलंडलेल्या असतात आणि पलीकडे, नजरेच्या टप्प्याबाहेर, झांजिबार आहे. एकोणिसाव्या शतकात टांगानिका सरोवराकडून आणि त्याच्याही पलीकडून येणारे तांडे या गावात संपत. हत्तीदंत येई, आणि माणसेही येत. काही झांजिबारच्या बाजारात विकली जात, काही तिथल्या लवंगांच्या मळ्यांवर कायमची राबत. गावाच्या नावाचे लोक दोन अर्थ सांगतात. ओझे वाहून आलेला हमाल म्हणे, मनावरचा भार इथे उतरव. साखळीत आलेला माणूस म्हणे, काळीज इथेच टाकून दे, पुढे त्याचा उपयोग नाही. शब्द तोच, पण कोण उच्चारतो त्यावर त्याचा अर्थ. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हे आधीच सुचायला हवे होते.

या व्यापारात आपली माणसे कुठे होती? गुलामांत नव्हती. झांजिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता त्या शतकाचा बराच काळ जयराम शिवजी या कच्छी भाटियाच्या पेढीकडे होता. तांडे घेऊन आत जाणाऱ्या अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांना भांडवल पुरविणारे सावकार बहुतांशी हिंदी होते. कित्येकांच्या घरी गुलाम होते. १८६० च्या सुमारास रिग्बी या इंग्रज वकिलाने हिंदी लोकांच्या ताब्यातले हजारो गुलाम सक्तीने सोडविले, कारण हिंदी लोक ब्रिटिश प्रजाजन ठरत होते. बागामोयोत सेवा हाजी परू हा खोजा व्यापारी तांड्यांना माल पुरवून गबर झाला आणि शेवटी रुग्णालयासाठी पैसाही देऊन गेला. त्याचे नाव तिथे आदराने घेतात, तेही नोंदविले पाहिजे. पण आफ्रिकेत गेलेल्या हिंदी माणसाची कथा आपण नेहमी कष्टाळू दुकानदाराची म्हणून ऐकतो. त्या दुकानाचे भांडवल कुठून उभे राहिले, हे कथेतून गळालेले असते.

झांजिबारचा गुलामबाजार १८७३ च्या जूनमधील तहाने बंद झाला. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीरावांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि त्यांनी ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. जोतीरावांनी दृष्टी अटलांटिकपलीकडे टाकली. अरबी समुद्रापलीकडचा बाजार त्याच वर्षी मिटत होता. त्या तहाची बोलणी करायला गेलेला सर बार्टल फ्रिअर पूर्वी मुंबईचा गव्हर्नर होता.

आणि नाशिक तर त्याहून जवळ. ज्या नाशिकला १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांवर दगड पडले, त्याच गावाच्या कडेला शरणपूर आहे. ब्रिटिश आरमार गुलामांच्या होड्या पकडी, तेव्हा सुटलेली मुले पुष्कळदा मुंबई बंदरात उतरवली जात. त्यांतली काही शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवली जात. तिथे त्यांनी अक्षरे गिरवली, सुतारकी-लोहारकी शिकली. ‘नाशिकची मुले’ या नावाने ती पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात ओळखली जातात. त्यांतला एक जेकब वेनराइट. हा याओ जमातीचा मुलगा गुलामीतून सुटून नाशिकला शिकला आणि १८७२ साली लिव्हिंग्स्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत होता. पुढच्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन मेला. त्याचे काळीज सोबत्यांनी तिथेच एका झाडाखाली पुरले, त्या वेळची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर मृत्यूची नोंद त्यानेच कोरली. मग चुमा, सुसी, वेनराइट आणि इतर साऱ्यांनी ते प्रेत वाळवून, गुंडाळून, हजार मैलांहून अधिक वाहून आणले. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोचले. मिशनच्या आवारात ती जागा मी पाहिली. गोऱ्या प्रवाशाचे नाव जगभर आहे. ज्याला लिहिता येत होते म्हणून त्या मृत्यूची नोंद झाली, तो नाशिकचा विद्यार्थी नाशिकमध्ये कोणाला माहीत आहे? मी स्वतः एम. ए. पर्यंत इतिहास शिकलो आणि हे मला आफ्रिकेत जाऊन कळले. १८७५ साली मोंबासाजवळ फ्रिअरटाउन नावाची मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली. ती उभारणारा पाद्री प्राइस शरणपूरचाच, आणि त्याच्या हाताखालची कितीतरी माणसे इथूनच गेलेली.

मात्र बाजार मिटला म्हणून गुलामी मिटली नाही. झांजिबारमध्ये ती कायद्याने गेली १८९७ साली, आणि मुख्य भूमीवर, म्हणजे तेव्हाच्या टांगानिकात, १९२२ साली. हे वर्ष वाचून मी चमकलो. बाबासाहेब तेव्हा लंडनला शिकत होते. म्हणजे शाळेच्या अंगणातल्या म्हाताऱ्याचा आजा गुलाम असू शकत होता, जसा माझ्या आजोबांचा बाप येसकर होता.

सुटलेल्या माणसांनी पुढे काय केले, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी काय केले ते आपल्या वस्त्यांतल्या कुणालाही न सांगता समजेल. गुलाम बाईने अंगाला काळपट निळे, जाडेभरडे ‘कनिकी’ गुंडाळायचे, डोक्यावर पदर घ्यायचा नाही, असा दंडक होता. बंधन सुटताच झांजिबारच्या बायकांनी कनिकी टाकली आणि रंगीबेरंगी छापील ‘कांगा’ घेतल्या. कांगा जोडीने विकतात, एक कमरेला आणि एक डोक्या-खांद्यावर. आज टांझानियात कांगा नाही असे घर सापडणार नाही, आणि त्यांतल्या कितीतरी भारतातून छापून येतात. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितले, लुगडे वरच्या जातीच्या बायकांसारखे नेसा, जात ओळखू येईल असे दागिने टाका. त्यावर शहाण्या मंडळींनी नाके मुरडली की हा अनुकरणाचा उपदेश झाला. कनिकी टाकणाऱ्या बाईने त्यांना बरे उत्तर दिले असते.

तसेच नावाचे. झांजिबारच्या फुंबा या खेड्यात १८८० च्या सुमारास एक मुलगी जन्मली. आईबाप गुलाम कुळातले. मुलीचे नाव पडले ‘म्तुम्वा’, म्हणजे गुलाम. आपल्याकडे कचरू आणि दगडू ठेवतात तसे. ती शहरात आली, मडकी विकता विकता गाऊ लागली, आणि दरबारात अरबीत चालणारे तारब संगीत तिने स्वाहिलीत आणले. पुढे ती ‘सिती’ झाली. सिती म्हणजे बाईसाहेब. सिती बिंती साद. पूर्व आफ्रिकेतल्या बाईच्या आवाजाच्या पहिल्या तबकड्या तिच्या, आणि त्या १९२८ साली मुंबईत भरल्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईच्याच कायदेमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाचे विधेयक मांडले होते. इतिहासाच्या शिक्षकाने असल्या योगायोगांना भुलू नये, हे मला कळते. तरी ज्या मुंबईत आपली माणसे वतनाचे जोखड काढायला धडपडत होती, त्याच मुंबईत ‘गुलाम’ नावाची एक बाई बाईसाहेब म्हणून गात होती, हे मी वर्गात सांगतोच. मुले त्या तासाला घड्याळाकडे पाहात नाहीत.

कपडा टाकला, नाव टाकले. मग शिकामो का नाही टाकले? तिथल्या शिक्षकांना मी हे विचारले, तेव्हा त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. हळूहळू माझ्या लक्षात आले की त्यांनी शब्द ठेवला, पण तो ज्याच्यापुढे म्हणायचा तो माणूस बदलला. आता तो वयापुढे म्हणतात. मुख्याध्यापक झाडूवाल्याला म्हणतो, कारण झाडूवाला मोठा. गुलामाचा नातू मालकाच्या नातवाला म्हणत नाही, दोघांतला धाकटा थोरल्याला म्हणतो. आणि धाकटा एक दिवस म्हातारा होतोच, तेव्हा प्रत्येकाची मराहाबा म्हणण्याची पाळी येते. जोहारचे असे करता आले असते का? मला नाही वाटत. जोहारात वयाला जागाच नव्हती. सत्तर वर्षांचा महार आणि कडेवरचे पोर, यांत शब्द कुठल्या बाजूने वाहणार हे जन्माआधी ठरलेले होते. असा शब्द वळत नाही, तो टाकावाच लागतो. आपण टाकला ते बरोबर केले.

माझा हा सिद्धांत फार दिवस टिकला नाही.

एप्रिलमध्ये सुट्टीत मी दारेसलामला गेलो होतो. बागामोयोहून सत्तरेक किलोमीटर. तिथे एका मराठी कुटुंबाने जेवायला बोलावले. माणसे अगत्याची होती. कितीतरी दिवसांनी वरणभात मिळाला. बोलता बोलता यजमानांनी विचारले, ‘सर, तुमच्या आडनावावरून काही कळलं नाही. तुम्ही कोणांपैकी?’ मी सांगितले. क्षणभर शांतता झाली. मग ते म्हणाले, ‘असो, इथे परदेशात कोण मानतं?’ बाईंनी वाढणे चालू ठेवले, पण त्यानंतर बोलणे हवेपाण्यावर गेले. जाती समुद्र ओलांडत नाहीत असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की त्यांना पासपोर्ट लागत नाही.

पण मला सांगायचे ते पुढचे आहे. फाटकावर एक वृद्ध पहारेकरी होता, साठीच्या पुढचा. यजमानांचा कॉलेजात जाणारा मुलगा गाडी घेऊन आला, तेव्हा पहारेकऱ्याने फाटक उघडले आणि म्हटले, ‘शिकामो, बोसी.’ मुलाने मोबाइलवरून मान वर केली नाही. मराहाबा म्हटले नाही. मला आजोबांच्या तोंडचे कडेवरचे पोर दिसले. म्हणजे वळवलेला शब्द पैशापुढे पुन्हा जुन्या जागी जाऊन बसतो तर! आणि थोड्या वेळाने मी बाहेर पडलो. आत जात विचारली गेली म्हणून मी धुमसत होतो. पहारेकऱ्याने माझ्यासाठीही फाटक उघडले, माझ्याकडे पाहून तेच म्हटले, ‘शिकामो, बोसी.’ आणि मी सवयीने ‘मराहाबा’ म्हणून मोकळा झालो.

रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेल्यावर मी काय केले ते माझ्या लक्षात आले. मी त्याच्याहून तीस वर्षांनी लहान होतो. त्याच्या लेखी मी महार नव्हतो, शिक्षकही नव्हतो. मी ‘म्हिंदी’ होतो. बागामोयोच्या रस्त्यात पोरे माझ्यामागे हाच शब्द ओरडत, तेव्हा मी हसून हात हलवी. गोऱ्यांच्या राज्यात वर गोरा, मध्ये हिंदी, खाली आफ्रिकी, अशी उतरंड होती. शाळा वेगळ्या, इस्पितळे वेगळी, पगार वेगळे. श्रेणीबद्ध विषमतेचे सूत्र बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असते, म्हणून उतरंड टिकते. ते सूत्र मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. माझ्या पायाखालीही कुणी असू शकते, हे मात्र फाटकातून बाहेर पडेपर्यंत जाणवले नव्हते.

ही उतरंड मोडण्याचे प्रयत्न तिथे झाले नाहीत असे नाही. ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक, आजही लोक त्यांना नुसते ‘म्वालिमू’ म्हणतात. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर समाजवादाच्या त्या दिवसांत ‘ब्वाना’, म्हणजे धनी, या संबोधनाऐवजी ‘न्दुगू’, म्हणजे भाऊ, हा शब्द पुढे आला. मंत्र्यालाही न्दुगू, शिपायालाही न्दुगू. १९७१ साली भाड्याच्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या, त्यात बहुसंख्य मालक हिंदी होते. पुष्कळजण देश सोडून गेले. झांजिबारमध्ये १९६४ च्या क्रांतीत तर रक्त सांडले, हजारो अरब मारले गेले, काही हिंदीही. न्येरेरे बजावत राहिले की समाजवाद म्हणजे वंशद्वेष नव्हे. आणि त्यांच्याच राजवटीत पुढे शेतकऱ्यांना बळजबरीने नव्या गावांत हाकलले गेले, हेही खरे. आज न्दुगू सभेत आणि सरकारी कागदावर ऐकू येतो. फाटकावर बोसी ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी मी बसने परतलो. सकाळी शाळेत म्हातारा झाडतच होता. मी जवळ गेलो आणि म्हटले, ‘शिकामो, म्झे.’ म्झे म्हणजे वडीलधारा. त्याने खराटा भिंतीला टेकवला, दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले आणि लांबवून म्हटले, ‘माराहाऽबा.’ मग हसला. तीन महिने तो वाट पाहात होता, असे त्याने नंतर इतर शिक्षकांना सांगितले.

त्यानंतर आमची दोस्ती झाली. मधल्या सुट्टीत आंब्याच्या झाडाखाली उगाली आणि घेवड्याची उसळ खाताना तो माझे मोडके स्वाहिली दुरुस्त करी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, तो बोटांनी दाबून खोलगट करायचा आणि त्यात उसळ घ्यायची. हे मला नीट जमेना म्हणून तो करवादे. एकदा मी त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. जोहार हा शब्द, तो कोणाला म्हणायचा, कसे वाकायचे, सगळे. त्याने शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. बराच वेळ चघळत राहिला. मग विचारले, ‘आणि समोरचा काय म्हणायचा? उत्तर काय होतं?’

मला सांगता येईना. मी कधी विचारच केला नव्हता. संध्याकाळी वडिलांना फोन लावला. त्यांनाही आठवेना. त्यांनी शेजारच्या नव्वदीच्या चुलतआजीला हाक मारली आणि फोन तिच्या कानाला लावला. मी ओरडून विचारले, ‘आज्जे, जोहार घातल्यावर पाटील काय म्हणायचा गं?’

तिला वाटले, तिने नीट ऐकले नाही. पुन्हा विचारायला लावले. मग म्हणाली, ‘काय म्हणणार बाबा? पुढं निघून जायचा.’